पडलीस तर उचलणार कोण?

शमिका पोतनीस व्यायामाला लागली की आमच्या सगळ्या इमारतीला कळतं. इंदूरच्या लोकमान्य नगरातली ही तीन मजली इमारत. शमिका तळमजल्यावर, मी सगळ्यात वर. खालून पावलांची धडधड वर येते, माझ्या दाराशी वळते आणि तशीच खाली उतरते. मग पुन्हा वर. नवीन भाडेकरू आले की पहिल्या दिवशी घाबरून दार उघडतात. त्यांना सांगावं लागतं, "काही नाही जी, पोतनीसांची मुलगी आहे. पळून राहिली आहे."

लालबागेचं मोकळं आवार एवढं जवळ असताना ही मुलगी जिन्यातच का पळते, हे मला फार उशिरा उमगलं. लालबागेत आईची हाक ऐकू येत नाही. जिन्यात येते.

आई म्हणजे सुहासिनीबाई. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत त्यांच्या हातची छडी खाल्लेली एखादी तरी बाई सापडेल. चार वर्षांपूर्वी संक्रांतीचे लाडू वळता वळता त्यांच्या हातातून परात पडली आणि उजवी बाजू गेली. बोलणं काही महिन्यांत परत आलं, पहिल्याइतकंच धारदार. हातपाय मात्र आले नाहीत. पोतनीसकाका आधीच गेलेले. मोठा मुलगा मानस पुण्याला, त्याची नोकरी तिकडे, बायको अमिताही तिकडचीच. धाकटी शमिका तेवढी घरात होती. लग्न झालेलं नव्हतं, आणि एका कंपनीत अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची बिलं तपासायचं काम करायची. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली. सगळे म्हणाले, किती चांगलं झालं.

त्या संक्रांतीच्या आधी शमिका मोटोक्रॉसच्या शर्यतीत उतरायची, हा विषय आता त्या घरात कोणी काढत नसे.

मोटोक्रॉस म्हणजे मातीचे उंचवटे, खड्डे आणि आडवी-तिडवी वळणं केलेल्या ट्रॅकवर हलक्या, उंच गाड्या पळवायच्या. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर ती एकदा नुसती बघायला गेली होती. तिथे शंतनु भेटला. त्याचं भंवरकुआँकडे गाड्यांचं वर्कशॉप आहे, आणि गौतमपुऱ्याच्या रस्त्याला सासऱ्यांच्या पडीक शेतात त्याने स्वतःच्या हौसेने ट्रॅक उभा केला आहे. शमिकाने सहज विचारलं, "मी बसून बघू का?"

"बसायचं नसतं भिया," शंतनु म्हणाला. भिया म्हणजे इंदुरी भैया; तो बायकांनाही भियाच म्हणतो. "ही गाडी उभं राहून चालवतात."

ती उभी राहिली, आणि मग सुट्टीचा दुसरा कुठलाच बेत तिला रुचेना. दोन वर्षं ती त्याच्याच गाडीवर बायकांच्या गटात उतरली. एकदा तिसरी आली. छोटा कप घेऊन घरी आली तेव्हा सुहासिनीबाईंनी तो उलटासुलटा करून बघितला, "एकूण तीनच मुली होत्या का?" असं विचारलं आणि चहा टाकायला उठल्या. तेव्हा त्या उठत होत्या.

आजारपणाचं पहिलं वर्ष शमिकाचं नुसतं उचलण्यात गेलं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमच्या स्टुलावर, परत पलंगावर. तिची कंबर धरली. एका सकाळी तिला मोजे घालायला वाकता येईना. तिने शंतनुला फोन करून सांगितलं, "माझ्यासाठी गाडी ठेवू नको. देऊन टाक कोणाला तरी."

"गाडी असू दे," तो म्हणाला. "तू गाडीशिवायचं काम सुरू कर."

"म्हणजे?"

"हे बघ, पहिली पाच मिनिटं कोणीही चालवतो. नंतर कोपराखालचा हात फुगून दगड होतो, बोटं क्लचवर मिटत नाहीत. का? पाय थकले की माणूस हाताने लटकतो, म्हणून. पायांनी गाडी घट्ट धरली तर हात मोकळे राहतात. आणि असे पाय गाडीवर थोडेच बनतात, भिया? घरी बनतात."

त्याने फोनवर व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली आणि शमिका घरातल्या घरात लागली. हॉलमध्ये दोन विटा मांडायची, त्यांवर चवड्यांनी उभी राहायची, गुडघे वाकवून, कोपरं बाहेर काढून, हातात झाडूचा दांडा हँडलसारखा धरून. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तशीच. घरात वॉशिंग मशीन होतं, तरी आईच्या चादरी ती हाताने पिळायची, मनगटं तयार व्हावीत म्हणून. आणि चादरी त्या घरात रोज असायच्याच. दाराच्या चौकटीत तिने एक नळी बसवली होती, तिला लोंबकळायची. टॉवेल डोक्यामागे धरून मान मागे रेटायची, कारण हेल्मेट घालून आदळआपट झाली की आधी मान जाते.

सुहासिनीबाईंना हे सगळं मनापासून आवडायला लागलं. ती कोपरांवर आडवी होऊन शरीर फळीसारखं ताठ धरायची तेव्हा आकडे मोजायचं काम त्यांच्याकडे असे. गणिताच्या बाई, पण मोजताना लबाडी करायच्या.

"सत्तावन्न... अठ्ठावन्न... कंबर खाली जाते आहे तुझी... अठ्ठावन्न..."

"आई, अठ्ठावन्न झालं!"

"बोललीस म्हणून परत."

भेटायला आलेल्या बायकांना त्या शमिकाचा दंड दाबून बघायला लावत. "घोडी आहे माझी पोर, घोडी," असं कौतुकाने म्हणत. फिजिओथेरपीला रमा नावाची मुलगी यायची, तीही म्हणाली, "आजींना उचलताना तुमच्यासारखे गुडघे कोणी वाकवत नाही हो. बाकी सगळे कंबर मोडून घेतात."

कंबर खरंच बरी झाली. पण शमिका घरातून बाहेर पडेनाशी झाली. सुरुवातीला सांभाळायला दोन बाया ठेवून झाल्या होत्या. दोघींना सुहासिनीबाईंनी आठवड्याच्या आत रडवून घालवलं. "परक्या हाताने मला हलवायचं नाही," त्यांनी सांगून टाकलं. मग हळूहळू शमिकाचं जग हाकेच्या अंतरापुरतं उरलं. जिना, हॉल, मागची गॅलरी. किराणा घरपोच यायचा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ती बोलत असली तरी एक कान पलंगाकडे असायचा. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आईचा चमचा वाजला की तिच्या पाठीतून काहीतरी सरकायचं, असं ती एकदा मला म्हणाली. "राग नाही येत, मावशी. राग आला असता तर बरं झालं असतं."

शंतनु मधूनमधून विचारायचा, "कधी येऊन राहिलीस?" ती म्हणायची, "बघते." असं बघता बघता चौथं वर्ष लागलं.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी पुण्याचा व्हिडिओ कॉल लागला होता. फोन आईच्या हातात, आणि शमिका दारापलीकडे हॉलमध्ये विटांवर उभी. अमिता म्हणत होती, "शमिकालाही जरा मोकळीक हवी हो आई. पुन्हा एखादी बाई बघू या का?"

यावर मानस मोठ्याने हसला. "अगं, आमची शमी म्हणजे आख्खी जिम आहे. दोन बायांचं काम एकटी करते. तिला कशाला बाई?"

सुहासिनीबाईही हसल्या. म्हणाल्या, "खरं आहे. देवानेच घडवली आहे माझ्यासाठी."

हे शमिकाने मला पुढे कधीतरी सांगितलं. "दादा वाईट बोलला नाही हो. स्तुतीच करून राहिला होता. पण मी विटांवर उभी होते, मावशी, आणि मला एकदम वाटलं, ही मंडळी माझ्याकडून वेगळ्याच गोष्टीची तयारी करून घेऊन राहिली आहेत. आणि मी खुशीने करून राहिले आहे."

त्याच दिवशी तिने शंतनुला विचारलं, शर्यत कधी आहे? तो म्हणाला, दिवाळी होऊ दे, गौतमपुऱ्यात एकमेकांवर पेटते हिंगोट फेकायची धामधूम असते ती संपली की त्यानंतरच्या रविवारी. रमाने दोनचार वेळा तासभर जास्त बसायचं कबूल केलं. त्या वेळात शंतनु बायपासपलीकडच्या एका रिकाम्या कॉलनीत गाडी घेऊन यायचा. तिथे नुसते प्लॉट पाडलेले होते, मातीचे ढिगारे होते. सराव म्हणायचा तो एवढाच. आईला ती ऑफिसचं काम सांगून जायची.

शर्यत आठवड्यावर आली तेव्हा मात्र तिला खोटं बोलवेना. सकाळची वेळ. आईला खुर्चीत बसवायचं होतं. सुहासिनीबाईंचा डावा हात शमिकाच्या गळ्यात, शमिकाचे दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे गुंफलेले, गालाला गाल लागलेला. अशात ती म्हणाली, "आई, रविवारी मी शर्यतीला जाणार आहे. गाडीच्या."

"आधी मला खाली ठेव," सुहासिनीबाई म्हणाल्या.

तिने त्यांना खुर्चीत ठेवलं, पाय सरळ केले, साडी नीट केली. मग त्यांनी विचारलं, "पडलीस तर मला उचलणार कोण?"

शमिकाने उशी त्यांच्या पाठीशी सरकवली.

"उत्तर दे."

"उत्तर नाही माझ्याकडे."

"मग जाऊ नको."

"जाणार आहे," शमिका म्हणाली आणि चहा आणायला आत गेली.

रविवारी पहाटे रमा आली. तिने बेबीताईंना बरोबर आणलं होतं. बेबीताई म्हणजे पन्नाशीची भरभक्कम बाई, कितीतरी आजारी माणसं सांभाळलेली. सुहासिनीबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. शमिका हेल्मेटची पिशवी घेऊन त्यांच्या पायाशी उभी राहिली, "येते" म्हणाली. बाईंनी मान वळवली नाही. मी मदतीला खाली गेले होते, ते मी बघितलं. ती गेल्यावर दुपारपर्यंत बाईंच्या दुधाचा कप तसाच राहिला.

ट्रॅकवर काय झालं ते मला शमिकाने आणि शंतनुने, दोघांनी सांगितलं. बायकांच्या गटात आठजणी होत्या, बहुतेक तिच्याहून पुष्कळ लहान. दोन शर्यती, दोन्हींचे गुण मिळून निकाल. पहिलीत सुरुवातीचं आडवं गेट पडलं आणि शमिका सगळ्यात मागे राहिली. धुळीत पुढचं काही दिसेना. उड्यांवर बाकीच्या मुली सरळ हवेत जात होत्या, ही ब्रेक लावून उंचवटा चढायची आणि उतरायची. शंतनुने कडेला उभं राहून कपाळावर हात मारला. पण निम्मी शर्यत झाल्यावर चित्र पालटायला लागलं. पुढच्या मुली वळणांवर खाली बसायला लागल्या, कोपरं अंगाला चिकटली, एकीची गाडी बंदच पडली. शमिका जशी सुरुवातीला उभी होती तशीच उभी. एकेक करून तिने चौघींना मागे टाकलं आणि चौथी आली.

शंतनु धावत आला. "हात दाखव!" त्याने तिचा कोपराखालचा हात दाबला आणि ओरडला, "लोणी! एकदम लोणी आहे भिया!" ती हसत सुटली. हेल्मेट काढलं, पाणी प्यायली, आणि आकाशाखाली नुसती उभी राहिली. दोन शर्यतींमधल्या त्या अर्ध्या तासात तिला घराची आठवण झाली नाही, असं ती म्हणते. चार वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या शर्यतीत तिने उडी मारायची ठरवलं. ब्रेक न लावता. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा गाडी हवेत तिरपी झाली, पुढचं चाक कडेच्या मऊ मातीत रुतलं आणि ती हँडलवरून पुढे गेली. पडता पडता तिने उजवा हात टेकला. आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

इंदूरच्या हॉस्पिटलात एक्स-रे झाला. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर ओलं असतानाच तिने डाव्या हाताने मानसला फोन लावला.

"दादा, मी पडले. हात मोडला."

"काय? कुठे? स्कूटरवरून का?"

"शर्यतीत. ते नंतर सांगते. आता आईला उचलायला ये."

मग तो म्हणाला, "अगं, पण माझं या आठवड्यात..."

"दादा," ती म्हणाली, "परकं कोणी तिला चालत नाही. ये."

सोमवारच्या विमानाने मानस आला. बहिणीवर चिडलेला होता. तिच्या प्लास्टरकडे बघून म्हणाला, "या वयात ही थेरं कशासाठी?" सुहासिनीबाई पलंगावरून म्हणाल्या, "मी सांगितलं होतं हिला." दोघं एका बाजूला झाली. शमिका प्लास्टर मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. तिला वाटत होतं, आता आपला कायमचाच कोंडमारा झाला. पूर्वी आई निदान 'पडलीस तर' असं विचारत होती, आता तिच्याकडे पुरावा होता.

पण उचलायचं मानसला होतं. त्याने पहिल्यांदा आईला धरलं तेच काखेत हात घालून, कमरेतून वाकून. बाई किंचाळल्या. शमिका खुर्चीतून ओरडली, "वाकू नको! गुडघे! गुडघे वाकव, बूड मागे घे, तिला अंगाला लावून घे!" दिवसातून कितीदा तरी हे चाले. आठवड्यात मानस भिंत धरून उठायला लागला. ऑफिसचे फोन बाथरूमच्या दाराबाहेर उभा राहून घ्यायचा. चमचा वाजला की दचकायचा. एकदा संध्याकाळी मी वाटीभर कढी द्यायला गेले तर हा मोठा माणूस हॉलमध्ये विटांवर उभा, झाडूचा दांडा धरून घामाने निथळतो आहे आणि शमिका त्याला रागावते आहे. मला बघून तो ओशाळला.

त्याच संध्याकाळी ओट्याशी उभा राहून तो शमिकाला म्हणाला, "तू हे चार वर्षं करून राहिली आहेस?" पुण्यात जाऊन त्याची बोली बदलली होती, ती परत आली.

"हो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू हसायचास, दादा."

दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या उंबऱ्याशी त्याचा पाय सरकला. आईला त्याने सोडलं नाही, पण दोघं मिळून भिंतीला आदळली आणि तशीच अडकून राहिली. तो हलला तर आई पडणार, आणि शमिकाचा एक हात गळ्यात बांधलेला. ती जिन्यात येऊन ओरडली, आम्ही तिघंचौघं धावत गेलो. बाईंना पलंगावर आणेपर्यंत त्या पांढऱ्या पडल्या होत्या. मानस जमिनीवर बसून रडत होता.

सुहासिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. तशाच म्हणाल्या, "त्या बेबीला बोलवा."

बेबीताई रोज सकाळपासून दुपारपर्यंत येऊ लागल्या. रविवारी संध्याकाळपर्यंत. बाई त्यांच्याशी अजून फटकून वागतात, पण घालवत नाहीत. मानस पुण्याला परत गेला, निघताना आईला म्हणाला, "आमच्याकडे चल." बाई म्हणाल्या, "मेल्यावर ने."

प्लास्टर निघालं तेव्हा शमिकाचा हात काठीसारखा झाला होता. तिने पुन्हा सुरुवात केली, स्पंजचा चेंडू दाबण्यापासून. आकडे मोजायला मात्र आईने नकार दिला. एक दिवस त्यांनीच विचारलं, "परत जाणार आहेस?"

"हो."

"परत पडशील."

"पडेन कदाचित. आता बेबीताई आहेत ना."

सुहासिनीबाईंनी डाव्या हाताने अंगावरची चादर सारखी केली. "हो," त्या म्हणाल्या. "आता तुझी तशी गरज नाही."

हे वाक्य ऐकून आपण सुटायला हवं होतं, असं शमिका म्हणते. ती सुटली नाही. स्वयंपाकघरात जाऊन बेसिनचा नळ सोडून रडली.

या वर्षी ती दोन शर्यतींत उतरली. एकदा पाचवी आली आणि एकदा सहावी. रविवारी शंतनुच्या पिकअपमधून ट्रॅकवर जाते, पण दुपार व्हायच्या आत घड्याळ बघायला लागते. गाडी अजून चालवता येईल, पेट्रोल असतं, ऊन उतरायचं असतं, तरी हेल्मेट काढते. शंतनु म्हणतो, "कोणी बोलावलं का?" ती म्हणते, "नाही." आणि निघते.

शर्यतीच्या दिवशी सुहासिनीबाई जेवत नाहीत. बेबीताई ताट पुढे ठेवतात, त्या भूक नाही म्हणतात, आणि शमिका दारातून आत आली की पाणी मागतात. रागावत नाहीत, काही विचारत नाहीत. बेबीताईंनीच हे एकदा भोळेपणाने शमिकाला सांगून टाकलं. त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, मावशी, असं शमिका मला म्हणाली. आता गेटपाशी उभी राहिली की बाकी सगळ्या मुली ट्रॅककडे बघत असतात, आणि तिच्या मनात येतं, आई अजून उपाशी आहे.